चाल ज्याच्या हाती : थोरले बाजीराव
(द्वितीय वर्ष कला)

लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तलवार उभी राहते. शाळेच्या पुस्तकांतील चित्रे, गणपतीपुढील देखावे, पोवाडा ऐकताना मनात उठणारी दृश्ये, ह्या सर्वांत वार करणारा हात मोठा दिसतो. घोड्याचे पाय मात्र कोणी पाहत नाही. वास्तविक कित्येक लढायांचा निकाल वार होण्याआधी पायांनीच लावलेला असतो. आधी कोण निघाला, किती चालला आणि कोण कुठे अडकला, ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की कोण जिंकला हे वेगळे विचारावे लागत नाही. थोरले बाजीराव पेशवे ह्यांचे चरित्र ह्याच प्रश्नांच्या आधाराने वाचून पाहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

हे प्रश्न मला इतिहासाच्या पुस्तकाने नव्हे, तर खेळाच्या नियमांनी शिकवले. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक खेळाडू त्यात एकेका पात्राची भूमिका घेतो आणि एक जण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो. गोष्टीत लढाई उभी राहिली की वेळ फेऱ्यांत मोजली जाते. एक फेरी म्हणजे गोष्टीतील अवघे ६ सेकंद. पाळी कोणाची आधी, हे ठरवण्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकतात आणि त्यात पात्राच्या चपळाईचे गुण मिळवतात. ह्याला आपण पुढाकार म्हणू. पाळी आली की पात्राने ठरावीक अंतर चालावे आणि एखादी कृती करावी. साध्या माणसाची चाल ३० फूट. अंगाला न पेलणारे जड चिलखत घातले असेल, तर तीच चाल १० फुटांनी घटते. शत्रूच्या हाताच्या टप्प्यातून सरळ पळू गेले, तर शत्रूला एक फुकटचा वार मिळतो. आणि जो बेसावध गाठला जातो, तो आरंभीच मागे पडतो.

नियम परके वाटले तरी त्यांतील मर्म आपल्याला अनोळखी नाही. आपल्या बुद्धिबळात शह बसला की राजाला दुसरे काही सुचत नाही. मनातला सुंदर डाव बाजूला ठेवून त्याला आधी शहाचे उत्तर द्यावे लागते. म्हणजे पाळी त्याची असली, तरी चाल आपण ठरवलेली असते. पुढाकार म्हणजे हेच. फरक एवढाच की पटावर पाळी नियमाने मिळते किंवा फाशाने मिळते. रणात ती कोणी देत नाही, ज्याची त्याने मिळवायची असते. बाजीरावांनी ती आयुष्यभर मिळवली.

बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० रोजी सिन्नरजवळ डुबेरे येथे त्यांच्या आजोळी झाला. मूळ घराणे श्रीवर्धनच्या भटांचे. वडील बाळाजी विश्वनाथ १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे झाले. मुलाला त्यांनी वाड्यात न ठेवता स्वारीत आपल्याबरोबर नेले. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन दिल्लीहून परतले, त्या स्वारीतही बाजीराव होते. दिल्लीचा दरबार आतून किती पोकळ झाला आहे, हे त्या तरुणाने स्वतः पाहिले. पुढे त्याच दिल्लीवर चालून जाताना त्यांना नकाशाची गरज का भासली नसावी, ह्याचे उत्तर ह्या प्रवासात आहे.

एप्रिल १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ वारले. दरबारात वयाने आणि अनुभवाने मोठे असे अनेक मानकरी होते, आणि पेशवाई ह्या पोराच्या हाती द्यावी की नाही ह्याबद्दल त्यांच्या मनात शंका होती. तरीही १७ एप्रिल १७२० रोजी कऱ्हाडजवळ मसूर येथे शाहू महाराजांनी बाजीरावांनाच वस्त्रे दिली. त्या दिवशी त्यांना एकोणिसावे वर्ष पूर्ण होऊन आठ महिने झाले होते. आपल्या वर्गात बसणाऱ्या बहुतेकांचे वय आज तेच आहे. अर्थात त्यांच्यासाठी पट वडिलांनी मांडून ठेवला होता, हे विसरता येत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांतून कॉलेजची पायरी चढणारे आपणच पहिले, आपल्यासाठी पट कोणी मांडलेला नाही. पण मांडलेला पटही खेळता यावा लागतो, आणि दरबारातील शंकेखोरांना उत्तर द्यायला बाजीरावांना आठ वर्षे लागली. ते उत्तर पालखेडला मिळाले.

पालखेडकडे जाण्याआधी आपल्याच परिसरातील एक जुना डाव पाहणे उपयोगी आहे. शहापूरच्या माहुली किल्ल्यावर १६३६ साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी कोंडले. निजामशाही वाचवण्यासाठी त्यांनी त्यापूर्वी कित्येक वर्षे मुलूखभर धावपळ केली होती. ती धावपळ चालू होती तोवर निजामशाहीही तग धरून होती. माहुलीचा डोंगर उंच आणि अवघड खरा, पण वर चढलेल्या माणसाला चाल उरत नाही. वेढा घालणारा ठरवील तेव्हा फेरी सुरू होते आणि तो ठरवील तेव्हा संपते. शेवटी शहाजीराजांना किल्ला आणि निजामशाहीचा वारस स्वाधीन करावा लागला. गड राखतो तसाच तो अडकवतोही.

बाजीरावांनी आपली फौज तटबंदीच्या भरवशावर उभी केली नाही. हलके घोडेस्वार, पाठीवर मोजके सामान, जड तोफा नाहीत, मागे बाजारबुणगे नाहीत. ह्याचा अर्थ आपल्या भागातील माणसाला फोडून सांगावा लागू नये. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरणारी बाई आणि हात हलवीत उतरणारा माणूस ह्यांची वाट एकच असली, तरी चाल एक नसते. मुरबाडहून नाणेघाट चढणाऱ्यालाही पहिल्याच वळणावर पाठीवरच्या पिशवीचे वजन कळते. मोगलांच्या छावणीबरोबर तोफा, तंबू, खजिना, जनानखाना आणि बाजार चालत असे. त्या खेळाच्या भाषेत बोलायचे, तर ती फौज जड चिलखत घालून पटावर उतरत होती. तिचा वार भारी होता, पण वार करायला शत्रू टप्प्यात यावा लागतो. बाजीराव टप्प्यात येत नसत.

निजामुल्मुल्क हा बाजीरावांचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी. वयाने त्यांच्यापेक्षा कितीतरी वडील, मुत्सद्दी आणि युद्धात मुरलेला. छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे संभाजीराजे ह्यांच्यातील वादाचा फायदा घेऊन त्याने संभाजीराजांना हाताशी धरले आणि चौथाईचा खरा हक्कदार कोण, असा प्रश्न उभा केला. १७२७ चा पावसाळा सरताच बाजीराव निघाले. ते निजामाच्या फौजेवर चालून गेले नाहीत. जालना आणि सिंदखेडच्या बाजूचा निजामी मुलूख त्यांनी उद्ध्वस्त केला. ऐवजखान अडवायला आला, तेव्हा चकमक झाली. ती रंगण्याआधीच बाजीराव तिथून निसटले. मग बऱ्हाणपुरावर जाण्याची हूल देऊन ते खानदेशातून गुजरातेत उतरले. निजाम बऱ्हाणपूर वाचवायला धावला आणि तेथे पोचल्यावर त्याला कळले की बाजीराव तेथे नाहीतच.

निजामही कच्चा खेळाडू नव्हता. पाठलाग सोडून तो सरळ पुणे प्रांतावर आला. पुणे त्याने घेतले आणि संभाजीराजांना तेथे छत्रपती म्हणून पुढे केले. हा शह होता, आणि तो नेमक्या मर्मावर होता. अशा वेळी कोणीही सरदार घर वाचवायला धावला असता. बाजीराव धावले असते, तर त्यांची पुढची चाल निजामाने ठरवलेली असती, आणि लढाई निजामाच्या तोफांसमोर, त्याच्या पसंतीच्या मैदानावर झाली असती. बाजीरावांनी पुण्याकडे पाठ केली. फेब्रुवारी १७२८ मध्ये ते गुजरातेतून खानदेशात आले आणि निजामाच्या औरंगाबादेच्या रोखाने निघाले. आपल्या भाषेत शह आणि काटशह हे शब्द जोडीने येतात, त्यांचे ह्याहून चांगले उदाहरण आपल्या इतिहासात सापडणे कठीण.

आता राजधानी वाचवण्याची पाळी निजामावर आली. घाईने जाता यावे म्हणून त्याने आपल्या जड तोफा मागे ठेवल्या. येथे त्याचा डाव फसला. ज्या तोफांमुळे तो बलवान होता त्या गेल्या, आणि तरीही तो मराठी घोड्याइतका वेगवान झाला नाही. वैजापूरजवळ पालखेडच्या परिसरात, जेथे पाण्याचा तुटवडा होता आणि जमीन अडचणीची होती, तेथे बाजीरावांनी त्याला चोहोकडून घेरले. दाणा, वैरण आणि पाणी बंद झाले. बाहेरची बातमी आत जाईना. २५ फेब्रुवारी १७२८ ही पालखेडची तारीख आपण परीक्षेसाठी पाठ करतो. त्या दिवशी फार मोठी कत्तल झाली नाही, म्हणून चित्रकारांना रंगवायला तेथे काही सापडत नाही. निजामाला फेरी खेळण्यासाठी जागाच उरली नव्हती. ६ मार्च १७२८ च्या मुंगी शेवगावच्या तहात त्याने शाहू महाराजांचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क मान्य केले. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी ह्यांनीही युद्धाच्या इतिहासावर लिहिताना ह्या मोहिमेची गौरवाने नोंद घेतली आहे.

पुढच्याच वर्षी हाच डाव वेगळ्या रूपाने दिसतो. बुंदेलखंडाचे वृद्ध राजे छत्रसाल ह्यांना महंमदखान बंगश ह्याने जेरीस आणले होते. मार्च १७२९ मध्ये बाजीराव तेथे पोचले. इतक्या दूरवरून, इतक्या लवकर मराठे येतील ह्याचा बंगशला अंदाज नव्हता. वेढा घालणारा बंगश जैतपूरला स्वतःच वेढ्यात सापडला आणि शेवटी शरण येऊन निघून गेला. कृतज्ञ छत्रसालांनी आपल्या राज्याचा एक भाग बाजीरावांना दिला. मस्तानी त्यांच्या आयुष्यात आल्या, त्याही ह्याच संबंधातून. त्या नात्याला पुण्याने जे वागवले, ते पाहता एक गोष्ट जाणवते. हिंदुस्थानभर कोणाचीही वाट न अडू देणारा हा पुरुष आपल्या घराच्या उंबरठ्यावर मात्र अडला. तेथे वेग उपयोगी नव्हता.

सगळेच विजय सारखे उजळ नाहीत. सेनापती त्र्यंबकराव दाभाडे निजामाशी संधान बांधून आहेत असे कळताच, दोघांच्या फौजा एक होण्याआधी बाजीरावांनी गुजरातेत धाव घेतली. १ एप्रिल १७३१ रोजी डभईला लढाई होऊन दाभाडे पडले. पुढाकाराच्या नियमाने पाहिले तर चाल अचूक होती. पण दोन्ही बाजूंना मराठेच होते, आणि ती जखम पुढे पुष्कळ दिवस भरली नाही. पटावर दोन रंगांच्या सोंगट्या असतात. येथे एकाच रंगाच्या होत्या.

मार्च १७३७ मधील दिल्लीची स्वारी म्हणजे तर घोड्याची अडीच घरांची चाल. बुद्धिबळात मधली सोंगटी ओलांडून उडी मारता येते ती एकट्या घोड्याला. गंगा-यमुनेच्या दुआबात मल्हारराव होळकरांच्या तुकडीला सादतखानाने मागे रेटले होते, आणि मराठ्यांना आपण पिटाळून लावले असे समजून मोगल सरदार निर्धास्त झाले होते. त्यांच्या फौजा दिल्लीबाहेर होत्या. बाजीराव त्यांना बगल देऊन आडवाटेने थेट राजधानीजवळ येऊन उभे राहिले. दहा मजलांची वाट त्यांनी दोन दिवसांत तोडली असे सांगितले जाते. शहरातून एक फौज बाहेर पडली, ती त्यांनी उधळून लावली. मात्र दिल्ली त्यांनी लुटली नाही. मोठ्या फौजा परतून येत आहेत हे ध्यानात येताच ते तितक्याच त्वरेने निघून गेले. आत शिरून बसले असते, तर दिल्लीचीच माहुली झाली असती. आपली चाल केव्हा थांबवायची हे कळणे हाही चालीचाच भाग आहे.

अपमानित बादशहाने निजामाला उत्तरेत बोलावले. तो मोठी फौज आणि तोफखाना घेऊन आला आणि १७३७ च्या अखेरीस भोपाळच्या आश्रयाने थांबला. पालखेडला पाणी तोडले होते, येथे दाणा तोडला. जानेवारी १७३८ मध्ये दुराहासराईच्या तहाने निजामाने माळव्यासह नर्मदा ते चंबळ ह्यांमधला मुलूख आणि ५० लाखांची खंडणी कबूल केली. दहा वर्षांत एकाच माणसाने त्याच माणसाला त्याच उपायाने दोनदा जिंकले, आणि पहिल्या वेळचा धडा पाठ असूनही निजामाला तो टाळता आला नाही. जड चिलखत घातलेल्याला नियम माहीत असून भागत नाही. चिलखत उतरवावे लागते.

तरीही चाल हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. १७३३ मध्ये बाजीरावांनी जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध मोहीम काढली. घोडा समुद्रावर धावत नाही, आणि जंजिरा शेवटपर्यंत हाती आला नाही. आपल्या ठाणे प्रांतातही तेच दिसते. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाणे घेतले ते अचानक धडक मारून. पण वसईचा किल्ला असा हाती येणारा नव्हता. तेथे बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा ह्यांनी चिकाटीचा वेढा घातला, तटाखाली सुरुंग खोदले, माणसांची मोठी हानी सोसली, आणि मे १७३९ मध्ये वसई घेतली. एक भाऊ वाऱ्यासारखा, दुसरा पाण्यासारखा झिरपणारा. बाजीरावांची चरित्रे लिहिणाऱ्यांनी ह्या दुसऱ्या भावाला अधिक जागा द्यायला हवी. मागे चिमाजी अप्पा खंबीर होते, म्हणूनच पुढे बाजीरावांना निर्धास्त दौडता येत होते.

आता खेळ आणि लढाई ह्यांतील मुख्य फरकाकडे येतो. टेबलावरील पात्र थकले तर नियमाप्रमाणे एका रात्रीच्या विश्रांतीने पुन्हा ताजे होते, आणि मेले तर खेळाडू नवे पात्र घेऊन बसतो. टेबलावरच्या घोड्याला वैरण लागत नाही. बाजीरावांच्या फौजेला लागत असे, आणि हलकी फौज म्हणजे बरोबर शिधा नसलेली फौज. तो शिधा वाटेवरच्या गावांतून येई. जालना-सिंदखेडच्या मुलखात त्या हिवाळ्यात ज्यांच्या कणग्या रिकाम्या झाल्या, त्यांची नावे कोणत्याही तहात नाहीत. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याने पालखेडचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवू नये. पैशाचेही तसेच. सततच्या मोहिमांनी बाजीराव कर्जात बुडाले होते आणि ब्रह्मेंद्रस्वामींसारख्या सावकारांच्या तगाद्याने त्रस्त होते. वेगाची किंमत कोणीतरी मोजत होते. काही रयतेने, काही सावकाराच्या वहीने, आणि शेवटी त्यांच्या स्वतःच्या शरीराने.

१७४० च्या आरंभी त्यांनी निजामाचा मुलगा नासिरजंग ह्याच्याशी गोदावरीकाठी शेवटची लढाई दिली आणि तहात नर्मदेकडील हंडिया व खरगोण हा मुलूख मिळवला. त्या नव्या मुलखाकडे गेले असताना त्यांना ताप आला, आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे छावणीतच त्यांचा अंत झाला. वय चाळीस पुरे नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजी अप्पाही गेले. वारा थांबला आणि पाणीही आटले.

एकवीस वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर जी मराठी फौज उभी होती तिच्यासोबत जड तोफा होत्या, यात्रेकरू होते, बायकामुले होती, आणि तिची रसद तुटलेली होती. तिचा सेनापती सदाशिवरावभाऊ हा चिमाजी अप्पांचा मुलगा. बाजीरावांचा मस्तानीपासून झालेला मुलगा समशेरबहाद्दर त्या लढाईत जखमी होऊन पुढे मरण पावला. शौर्यात ही पिढी कुठेही उणी नव्हती. पण पालखेडला निजाम ज्या जागी होता, त्या जागी आता मराठे होते. चुलत्याने शत्रूला ज्या पेचात धरले, त्याच पेचात पुतण्या सापडला. वडिलार्जित दौलत मुलांना मिळते, चाल मिळत नाही. ती प्रत्येक पिढीने नव्याने शिकायची असते.

बाजीरावांच्या चरित्रातून पराक्रम घ्यावा असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. पराक्रम मागून येत नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. पुण्याला शह बसला असताना घाबरून पुण्याकडे न वळण्याची. समोरच्याने प्रश्न टाकला म्हणून त्याच्याच अटींवर उत्तर द्यायला धावायचे नाही. आधी आपले ओझे उतरवायचे, वाट पाहून घ्यायची, आणि मग आपला प्रश्न त्याच्यापुढे टाकायचा. एकोणिसाव्या वर्षी हे सर्व त्यांना येत होते असे नाही. पालखेडला ते सत्तावीस वर्षांचे होते. मधली वर्षे ते चालत होते.